लादीचं पांढरं पोट

आमच्या फ्रिजमध्ये काय काय असायचं ते आधी सांगते, म्हणजे माझी नणंद कशी बाई आहे ते वेगळं सांगावं लागणार नाही. दूध, भाज्या, फळं कुणाच्याही फ्रिजमध्ये असतात. आमच्याकडे त्यांच्या जोडीला मेणबत्त्या होत्या, टॉर्चचे सेल होते, शिवणाच्या दोऱ्याची रिळं होती, माझ्या नवऱ्याचं केसांचं तेल होतं आणि एकदा तर मी शाळेसाठी आणलेली डिंकाची बाटली होती. मी विचारलं, "आक्का, डिंक कशाला?" तर म्हणाल्या, "बाहेर नासला असता." डिंक इतका घट्ट झाला होता की ब्रश आत उभा राहिला. आक्कांनी बाटली उलटी करून पाहिली, एक थेंब पडला नाही. "बघ," त्या म्हणाल्या, "नासला का?"

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "वेळ कुठे होता, टाकी चालू होती." टाकी म्हणजे बर्फाच्या कारखान्यातली मिठाच्या पाण्याची टाकी. ती सहसा बंद होत नाही. तिच्यात पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे सोडतात, वर लाकडी झाकणं टाकतात, आणि डब्यातल्या पाण्याची हळूहळू लादी होते. मग डबा क्रेनने उचलायचा, साध्या पाण्यात बुडवून सैल करायचा आणि कलता करायचा. लादी घसरत बाहेर येते. आक्का वडिलांचा हात धरून त्या कारखान्यात गेल्या होत्या, आणि वडील गेल्यावर त्यांच्याच जागी उभ्या राहिल्या. लाद्या पास करायच्या की नाही हे त्या ठरवायच्या.

हे ठरवणं कसं ते सांगायला हवं. प्रत्येक डब्यात हवेची एक बारीक नळी सोडलेली असते. हवेचे बुडबुडे चालू असले की लादी काचेसारखी आरपार जमते. नळी तुंबली की लादीच्या मधोमध दुधट पांढरं राहतं. त्याला कारखान्यात पांढरं पोट म्हणतात. तशी लादी विकली जाते, कुणी मरत नाही तिच्यामुळे, पण ती लवकर भुगा होते. आक्का लादीवर बोटांच्या सांध्यांनी टकटक करायच्या, वाकून तिच्यातून पलीकडे बघायच्या आणि पांढरं दिसलं की दोनच वाक्यं बोलायच्या. "फोडा. परत लावा." हमाल मनातल्या मनात बोटं मोडायचे, कारण लादी जमायला एक पूर्ण दिवस आणि रात्र जाते. मालक कुरकुरायचे. "आक्का, जाऊ द्या ना एखादी." आक्का म्हणायच्या, "एखादी जाऊ दिली की दुसरी विचारत नाही, आपली आपणच जाते." आणि हातोडी पुढे करायच्या.

हे सगळं उघड्या हातांनी. हातमोजे त्यांना चालत नसत. म्हणायच्या, हातमोजा घालून लादी तपासायची म्हणजे तोंडाला फडकं बांधून चव घ्यायची. घरी आल्या की त्यांचे हात इतके गार असायचे की मी चहाचा कप देताना बोट लागलं तरी दचकायचे. मी शाळेत शिकवते, म्हणून त्या मला मास्तरीणबाई म्हणतात. "मास्तरीणबाई, एवढ्याने दचकतेस, मुलांना कशी घाबरवतेस?"

मी घाबरवते. मला राग लवकर येतो आणि तो मी लपवत नाही. सांगितलेलं न ऐकणाऱ्यांशी माझी दिवसभर गाठ असते, आणि घरी आलं की त्यांची मुख्याध्यापिका बसलेली असते.

आजाराचा पत्ता मला लागला तो धुण्यातून. आक्का घरातसुद्धा मोजे घालायला लागल्या होत्या. वय झालं, मला वाटलं. मग एक दिवस बादलीत एक मोजा हाताला लागला, घोट्यापाशी कडक झालेला. वास घेतला आणि तशीच ओल्या हातांनी त्यांच्या खोलीत गेले. "मोजे काढा," म्हटलं.

"का?"

"काढा म्हणते ना."

माझा शाळेतला आवाज होता तो. त्यांनी काढले. दोन्ही नडग्यांवर जांभळे ठिपके होते, कुणी शाईचं पेन झटकावं तसे. उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला एक जखम होती, नाण्याएवढी, कडा काळपट. पायाची बोटं निळी पडली होती.

"हे कधीपासून?"

"लादी ओढायचा लोखंडी आकडा लागला असेल."

"आकडा दोन्ही पायांना लागला?"

"बर्फात काम करते मी. फुलं नाही विकत."

माझे हे दारात येऊन उभे राहिले होते. ते स्वभावाने इतके गरीब आहेत की घरात भांडण झालं की ते आधी स्वतःचीच चूक शोधतात. ते म्हणाले, "आक्का, डॉक्टरला दाखवू या." आक्का त्यांना म्हणाल्या, "तू गप्प बस, तुला सर्दी झाली तरी तू मृत्युपत्र करतोस." पण गेल्या. माझ्या आवाजामुळे नव्हे. जखम दुखायला लागली होती, एवढंच.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मलम दिलं. मलम संपलं, जखम वाढली. मग त्यांनी मोठ्या इस्पितळात रक्ताच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या माझ्यापेक्षा लहान, आवाज इतका हळू की त्यांना ऐकायला आक्कांना पुढे वाकावं लागायचं, आणि आक्कांना कुणापुढे वाकायची सवय नाही. बाईंनी विचारलं, ठिपके कधी जास्त होतात? आक्का म्हणाल्या, कामावरून आल्यावर. आणि सुट्टीच्या दिवशी? "सुट्टी मी घेत नाही," आक्का म्हणाल्या. तेव्हा मी मध्ये पडले. म्हटलं, मध्ये कारखान्याचं यंत्र दुरुस्तीला बंद होतं, त्या आठवड्यात त्या घरी होत्या आणि मोजे घालत नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं.

"मला एक तपासणी करायची आहे," त्या म्हणाल्या. "रक्तातलं एक प्रोटीन शोधायचंय. आहे की नाही ते कळल्यावर सगळं समजावून सांगते, आत्ताच घाबरवत नाही. पण एक सांगते. ही जखम अशीच वाढत गेली तर पाय वाचवणं अवघड होईल."

"पाय माझा आहे," आक्का म्हणाल्या. "मी बघते काय करायचं ते."

ही तपासणी त्या इस्पितळात होत नव्हती. रक्त तिथे काढायचं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत आपण नेऊन द्यायचं, अशी पद्धत. त्या दिवशी मला शाळा होती. आक्का आणि माझे हे, भाऊ-बहीण दोघं गेले. संध्याकाळी आले तेव्हा आक्का खुशीत होत्या. "काम फत्ते," म्हणाल्या.

रिपोर्टात काही निघालं नाही. ते प्रोटीन आक्कांच्या रक्तात नव्हतं. डॉक्टरीणबाई गोंधळल्या. त्यांनी काही गोळ्या दिल्या, थंडी टाळा म्हणाल्या. आक्कांनी दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरला आणि कारखान्यात गेल्या. मी दारात आडवी आले तर म्हणाल्या, "तुमचा कागद सांगतो मला काही झालं नाही. कागदावर तुझा विश्वास आहे ना, मास्तरीणबाई?"

पुढच्या काही आठवड्यांत जखम घोट्याला वळसा घालून मागे गेली. आता त्या टाच टेकवत नव्हत्या, पण लंगडते असं म्हटलेलं त्यांना खपत नव्हतं. "जपून चालते," म्हणायच्या. बोटांची टोकं कामावरून आल्यावर आधी पांढरी, मग निळी, मग लालभडक व्हायची आणि त्या वेळी त्या कुणाशी बोलायच्या नाहीत. एकदा मी स्वयंपाकघरातून पाहिलं, त्या बोटं तोंडात धरून बसल्या होत्या. मी आत गेले नाही.

दुसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंकडे गेलो तेव्हा तिघंही होतो. बाईंनी जखम वाकून पाहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "सगळी लक्षणं त्याचीच आहेत. मग सापडत कसं नाही? नमुन्यातच काही गडबड झाली असेल का?"

आक्का एकदम ताठ बसल्या. त्यांच्या कामाला कुणीतरी नाव ठेवलं होतं.

"नमुन्यात गडबड? बाई, तुमच्या माणसाच्या भरवशावर राहिले असते तर झाली असती गडबड. ते रक्त काढणारे म्हातारे गृहस्थ, त्यांनी नळ्या कशात दिल्या माहीत आहे? गरम पाण्याच्या फ्लास्कात. वर मला म्हणतात, गार होऊ देऊ नका. मी म्हटलं, रिटायर व्हायला आलेत, चालायचंच. रक्त म्हणजे दुधासारखं, तासाभरात नासलं असतं. कारखाना वाटेवरच. मी फ्लास्क रिकामा केला, बर्फाचा चुरा भरला, त्यात नळ्या दाबून बसवल्या. तिकडे काउंटरवर देताना पुसून, कोरड्या करून दिल्या. मासळी नेणारे लोकसुद्धा एवढी काळजी घेत नाहीत."

मी माझ्या ह्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

"तुम्ही होतात ना बरोबर?" मी म्हटलं.

"होतो," ते म्हणाले. "पण आक्काला बर्फातलं मी काय सांगणार?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता ह्या ओरडणार, आणि खरं सांगते, मला त्या ओरडायला हव्या होत्या. पण त्यांनी तोच हळू आवाज लावला. म्हणाल्या, "आक्का, खोबरेल तेल कधी थिजलेलं पाहिलंय?"

"रोज. आमच्या फ्रिजमध्ये."

"तुमच्या रक्तात तसं काहीतरी आहे असा मला संशय आहे. अंगाच्या उबेत ते विरघळलेलं असतं. गार झालं की थिजतं. पायाच्या, बोटांच्या बारीक नसांमध्ये जाऊन बसतं आणि रक्ताची वाट अडवतं. म्हणून ठिपके, म्हणून जखम. आता तुम्ही नळी बर्फात घातलीत तेव्हा ते वाटेतच थिजून तळाला गेलं. प्रयोगशाळेत तळाचा गाळ टाकून देतात आणि वरचं स्वच्छ पाणी तपासतात. त्यात त्यांना काय मिळणार?"

आक्का स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एवढे आठवडे, एवढी जखम, आणि सगळं कशामुळे तर ह्यांना जगातली प्रत्येक गोष्ट गारच ठेवायची होती म्हणून. आणि त्याच वेळी त्यांना कवेत घ्यावंसंही वाटत होतं. दोन्ही जमलं नाही.

"म्हणजे मीच गोठवलं," आक्का शेवटी म्हणाल्या. मग बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. "काढा परत."

या वेळी मी रजा घेतली. त्याच म्हाताऱ्या गृहस्थांनी रक्त काढलं. गरम केलेल्या सुईने, गरम केलेल्या नळ्यांत. ते फ्लास्क पुढे करणार एवढ्यात आक्का म्हणाल्या, "अंगाइतकीच ऊब लागते ना?" ते म्हणाले, हो. "मग अंग आहे की माझ्याकडे." आणि नळ्या स्वच्छ रुमालात गुंडाळून त्यांनी स्वेटरच्या आत काखेत धरल्या. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ते म्हणाले, "धरायचं तर धरा. पण तिथे पोचेपर्यंत हात उघडायचा नाही. आणि बाई, मी अजून रिटायर झालेलो नाही."

दोन बस बदलून आम्ही गेलो. आक्का खिडकीशी, उजवा हात अंगाला चिकटवलेला, मान सरळ. तिकीट मी काढलं. समोरच्या बाकावरच्या बाईंनी न राहवून विचारलं, "हात मोडलाय का हो?" आक्का म्हणाल्या, "नाही, अंडी उबवतेय." बाईंनी तोंड फिरवलं ते उतरेपर्यंत. बस कारखान्यावरून गेली तेव्हा मालक फाटकात उभे होते. त्यांनी आक्कांना पाहून हात हलवला. आक्कांचा उजवा हात अडकलेला आणि डावा हात उचलणं त्यांना सुचलं नाही. मालकांना वाटलं, रागावल्या आहेत. ते गैरसमजात राहिले ते बरंच झालं, पुढे उपयोगी पडलं.

या वेळी सापडलं. आक्कांनी हट्ट धरला की मला नळी बघायची आहे. प्रयोगशाळेतल्या बाई तशा कुणाला दाखवत नाहीत, पण आक्कांच्या हट्टापुढे मोठमोठ्या मालकांनी हात टेकले आहेत. वरचं पाणी वेगळं करून आता मुद्दाम गार ठेवलेली नळी त्यांनी थंड कपाटातून काढून उजेडासमोर धरली. वर पिवळसर, स्वच्छ. खाली तळाला दाट पांढरं. मग त्यांनी नळी मुठीत घट्ट धरली. थोड्या वेळाने मूठ उघडली तर पांढरं विरघळून सगळं एकसारखं झालं होतं.

आक्का बघत राहिल्या. "पांढरं पोट," म्हणाल्या. "माझ्याच लादीला."

शरीर हे प्रोटीन का बनवतं, याचा शोध मग सुरू झाला. लिव्हरची तपासणी झाली, ती चांगली निघाली. मानेतली एक गाठ काढून पाहिली, हाडातला मगज काढून पाहिला. तो निकाल सांगताना डॉक्टरीणबाईंनी आक्कांच्या शेजारी खुर्ची ओढून घेतली. लिम्फोमा. म्हणजे रक्तातल्या, गाठींतल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. त्याच बिघडलेल्या पेशी हे थिजणारं प्रोटीन बनवत होत्या. "तुमचा प्रकार संथ आहे," बाई म्हणाल्या. "हळू वाढणारा."

माझे हे रडायला लागले. आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे. "संथ म्हणजे आळशी," त्या म्हणाल्या. "आळशाला मी कामावर ठेवत नाही. काढायचा कसा ते सांगा."

औषध सलाईनमधून द्यायचं, महिनोनमहिने. आणि बर्फ बंद. कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. पहिल्या गोष्टीला आक्का लगेच हो म्हणाल्या. दुसरीवरून दोघींची चांगली जुंपली. हळू आवाजाच्या बाई तसूभरही हलल्या नाहीत. त्यांचा आवाज हळू असतो, पण पाठीचा कणा लोखंडाचा आहे हे मला त्या दिवशी कळलं. आक्का म्हणाल्या, "बर्फाने माझं काही वाकडं केलेलं नाही. फितूर झालंय ते रक्त." बाई म्हणाल्या, "फितुराला हत्यार कोण पुरवतंय?" आक्कांनी मोजे वर ओढले. म्हणजे पटलं होतं.

मग मालक घरी आले, फळांची टोपली घेऊन. आता आराम करा, म्हणाले. तुमच्या जागी दुसरा माणूस बघतोय, तुम्ही खूप केलंत, वगैरे. आक्कांनी एक फळ उचलून दाबून पाहिलं. "पिकलेलं आहे. आजच खावं लागेल," म्हणाल्या. "दुसरा माणूस नको. मी घरून बघते."

"घरून? आक्का, लादी काय फोनवर दिसणार आहे?"

"ऐकू येते," आक्का म्हणाल्या.

मालक नाही म्हणणार होते, पण बसमधला तो न हललेला हात त्यांच्या मनात होता. आधीच रागावलेल्या आक्कांना आणखी रागावून घ्यायची त्यांची छाती झाली नाही.

आणि मग आमच्या घरात रोज सकाळी हे सुरू झालं. आक्का पलंगावर, पायाला पट्टी, अंगात दोन स्वेटर, हातात मी विणलेले हातमोजे. हातमोजे घातले हेच मोठं नवल होतं. पलीकडून कुणीतरी हमाल फोन लादीजवळ धरायचा आणि टकटक करायचा. आक्का डोळे मिटून ऐकायच्या. "पास." टकटक. "पास." टकटक. "फोडा. परत लावा." मला हसू यायचं. एकदा कारखान्यातला एक हमाल जखमेचं औषध पोचवायला आला. मी त्याला दाराबाहेर गाठून विचारलं, फोनवर खरंच कळतं का हो त्यांना? तो ओशाळून म्हणाला, "कधी कधी कळतं, वहिनी. नाही कळलं तर आम्ही आमचं बघतो. पण फोन रोज करतो." मी हे आक्कांना सांगितलं नाही. मला वाटतं त्यांना माहीत होतं.

औषध सुरू झालं तो दिवस मी विसरणार नाही. सलाईनची खोली म्हणजे ओळीने खुर्च्या, आणि एसी असा सोडलेला की नर्ससुद्धा स्वेटर घालून. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली होती, या पेशंटला गार हवा नको. नर्स म्हणाली, एसी बंद केला तर बाकीच्यांना उकडेल. आक्का उठल्या, सुई टोचायच्या आधीच, आणि प्रत्येक खुर्चीपाशी लंगडत गेल्या. जपून चालत गेल्या, असं म्हणायला हवं. प्रत्येकाला म्हणाल्या, "माझं रक्त थंडीत थिजतं. तुम्हाला थोडं उकडलं तर चालेल का?" नाही कोण म्हणणार? एका आजोबांनी उलट स्वतःचं पांघरूण दिलं. नर्सने एसी बंद केला. आक्का माझ्या ह्यांची लोकरी टोपी कानांवर ओढून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसल्या, जणू खोली त्यांच्याच नावावर होती.

पण औषध अंगात जायला लागल्यावर त्यांना हुडहुडी भरली. पहिल्या वेळी असं होऊ शकतं, हे आम्हाला सांगितलं होतं. सांगितलेलं असणं आणि बघणं यांत फरक असतो. त्यांचे दात वाजायला लागले, खुर्ची हलायला लागली. नर्स धावली, सलाईन हळू केलं, काही इंजेक्शनं दिली. आक्कांनी माझा हात पकडला. आयुष्यभर उघड्या हातांनी बर्फ उचललेली बाई ती.

"मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या, "मला थंडी वाजतेय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीही ऐकलं नव्हतं. मी त्यांचे दोन्ही हात माझ्या काखांत घातले आणि घट्ट धरून बसले. मी रडले. मुलांसमोर मी कधी रडत नाही, पण तिथे सगळी अनोळखी खोली बघत असताना रडले आणि मला लाज वाटली नाही. त्या मला हव्या होत्या. फ्रिजमध्ये डिंक ठेवणारी, माझ्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारी ही बाई मला घरात हवी होती, दोन्ही पायांसकट. हळूहळू थरथर उतरली. आक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हात सोड आता. अंडी फुटतील."

औषधाच्या फेऱ्या झाल्या. आक्का खंगल्या, जेवण नको म्हणू लागल्या, केस विरळ झाले. पण नडग्यांवरचे ठिपके फिके झाले आणि जखमेच्या कडेला गुलाबी कातडी सरकू लागली. सगळी भरली नाही. मधोमध अजून उघडी होती.

शेवटच्या फेरीनंतर परत रक्त तपासलं. नळ्या पुन्हा आक्कांच्या काखेतूनच गेल्या, आता सगळ्यांना ती पद्धत माहीत झाली होती. मग डॉक्टरीणबाई स्वतः आम्हाला घेऊन प्रयोगशाळेत आल्या. तिथल्या बाईंनी थंड कपाटातून नळी काढून आक्कांच्या हातमोज्यात दिली.

नळी जवळजवळ स्वच्छ होती. पण तळाला, अगदी तळाला, नखाच्या पांढऱ्या कोरीएवढं काहीतरी होतं.

"खूप कमी झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथे आपण थांबू शकतो. लक्ष ठेवायचं, थंडी टाळायची, जखमेकडे बघायचं. खूप लोक असे राहतात. किंवा औषधाची आणखी एक पाळी घ्यायची. ती सोपी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुमचं अंग थकलंय. निर्णय तुमचा."

मी पटकन म्हणाले, "आक्का, बास झालं आता." मला ती हुडहुडी आठवत होती. माझे हे सुद्धा म्हणाले, "आक्का, थांबू या." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बहिणीच्या आधी काहीतरी ठरवलं होतं.

आक्का खिडकीपाशी गेल्या. नळी उजेडात धरली, थोडी तिरकी केली, वाकून तिच्यातून पलीकडे पाहिलं. कारखान्यात बघायच्या अगदी तसंच. मग दुसऱ्या हाताचा हातमोजा दातांनी ओढून काढला आणि बोटाच्या सांध्याने काचेवर अलगद टकटक केली. बोटाचं टोक निळं नव्हतं.

त्यांनी नळी डॉक्टरीणबाईंच्या हातात परत दिली.

"फोडा," आक्का म्हणाल्या. "परत लावा."